रविवार कुणाचा?

(महिला मंडळं, बचत गट आणि संघटनांमधल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल सकाळपासून आपण कौटुंबिक हिंसा, रेशन, रोजगार हमी, सातबाऱ्यावरचं नाव अशा विषयांवर बोलतो आहोत. आता जेवणानंतरच्या सत्रात माझा विषय आहे ‘सहल’. फळ्यावर हा शब्द लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला, आता जरा विश्रांती!" बरोबर आहे. विश्रांती हाच माझा विषय आहे, आणि तो कालच्या विषयांइतकाच महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

गेल्या पितृपक्षातल्या एका रविवारी आम्ही अकरा जणी भंडारदऱ्याला गेलो. होडीनं रतनवाडीला गेलो, धबधब्याखाली भिजलो, भाकरी खाल्ली आणि रात्री घरी परतलो. गोष्ट एवढीच. पण या एका दिवसासाठी आम्हाला चार महिने लागले. ते चार महिने कशात गेले आणि त्या दिवसानं काय दाखवलं, ते तुमच्यापुढे मांडते.

आम्ही कोण, ते आधी सांगते. नावं घेणार नाही, कारण अकरापैकी चौघींनी घरी वेगळंच काहीतरी सांगितलं होतं. आम्ही सगळ्या संगमनेरच्या, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या. तिघी विड्या वळतात. दोघी अंगणवाडीत आहेत. एक खाजगी दवाखान्यात आया आहे. एक शिवणकाम करते, एक भाजी विकते, एक प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एक मावशी पोळी-भाकरी करून देतात. अकरावी मी. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथे गटबांधणीचं साधन म्हणून सहलीचा उल्लेख असायचा. पण ही सहल कुठल्या प्रकल्पातली नव्हती. तिचा अहवाल कुणाला द्यायचा नव्हता, उद्दिष्टं लिहायची नव्हती. या माझ्या मैत्रिणी आहेत आणि आम्हाला एकत्र फिरायला जायचं होतं, बस.

कल्पना मावशींची. भिशीच्या बैठकीत एकदा नळाला पाणी कमी येतं यावर चर्चा चालली होती. मावशी मध्येच म्हणाल्या, "पस्तीस वर्षं या प्रवरेचं पाणी पितेय, ती येते कुठून ते काही मी पाहिलं नाही. मालकांनी दोनदा पाहिलं, पोरांनी शाळेच्या सहलीत पाहिलं." मग एकेक बोलू लागली. अकरांपैकी आठ जणींनी भंडारदरा पाहिलंच नव्हतं. संगमनेरहून ते साठेक किलोमीटरवर आहे. पुण्या-मुंबईची माणसं दर पावसाळ्यात गाड्या भरभरून येतात आणि आपण त्या नदीच्या काठी जन्म काढतो! त्या दिवशी भिशीच्या रकमेबरोबर दर आठवड्याला वीस-वीस रुपये वेगळे ठेवायचं ठरलं.

पैशाचा प्रश्न असा सुटला. एसटीनंही हातभार लावला. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीवर पुष्कळ विनोद झाले, "बायका उगाच हिंडायला लागल्या" असं पारावर बोललं गेलं. ‘उगाच हिंडणं’ हा शब्द लक्षात ठेवा. पुरुष उगाच हिंडला तर त्याला कुणी शब्दानं विचारत नाही.

पैशापेक्षा अवघड होता तो दिवस. कधी जायचं? पावसाळ्याच्या ऐन जोरात होडी नको, आणि उन्हाळ्यात धबधबा नाही. श्रावणात उपासतापास आणि व्रतं, भाद्रपदात गणपती, गौरी. पुढे नवरात्र, मग दिवाळीची साफसफाई. शेवटी शिक्षिका मैत्रिणीनं कॅलेंडर पुढे ओढलं आणि म्हणाली, "पितृपक्षात कुणी शुभकार्य करत नाही. लग्न नाही, वास्तुशांत नाही, पाहुणे नाहीत. घरचं म्हाळ आटोपलं की एक रविवार रिकामा सापडतो." स्त्रीच्या वर्षात जो दिवस कुठल्याच देवाचा, सणाचा, पाहुण्यांचा नाही, तो आम्ही शोधून काढला. सबंध वर्षात असा एकच निघाला!

रविवार आपल्याकडे आला कसा, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या मागणीसाठी कामगारांना संघटित केलं. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हा आपला वारसा आहे, आणि त्यात त्या दोघींचा वाटा आहे. पण गिरणीच्या दारापर्यंत आलेला रविवार घराच्या उंबऱ्याआत आलाच नाही. आपल्या घरी रविवार म्हणजे सगळे घरात, मटणाचा बेत, आठवड्याचे कपडे, चहाच्या चार फेऱ्या. इतरांची सुट्टी आपल्यासाठी जादा पाळी असते.

हे फक्त माझं म्हणणं नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं तीत आढळलं. घरकाम करणारे जे थोडे पुरुष आहेत, त्यांची सरासरी होती ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा तर पुरुषांचीही नऊ कमी होऊन ८८ वर आली! मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ या हिशेबात वेगळाच धरलेला आहे. आणि ही मजुरी नसलेल्या कामाची मिनिटं आहेत. आमच्या विडी कामगार मैत्रिणींना मजुरीही हजारी दरानं मिळते. जेवढ्या वळल्या तेवढे पैसे. त्यांच्यासाठी एक दिवस फिरायला जाणं म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणं. त्या तिघींनी आदल्या आठवड्यात रात्री जागून तेवढ्या विड्या जादा वळल्या. सुट्टी त्यांनी आधी काम करून विकत घेतली.

आता परवानगीबद्दल. घरी विचारल्यावर अकरा घरांत जवळजवळ तेच प्रश्न आले. कुणाबरोबर? कशाला? पोरांचं काय? बरोबर पुरुष माणूस कोण आहे? एका सासूबाईंनी विचारलं, "तिथं देव कुठला?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या समाजात स्त्री घराबाहेर पडत नाही असं नाही. आळंदी-देहूहून पंढरीपर्यंत ती पायी जाते, उघड्यावर मुक्काम करते, पावसात भिजते, फुगडी घालते. मंगळागौरीला रात्र जागवते, भोंडल्याला फेर धरते. पण त्या प्रत्येक ठिकाणी पुढे देव असतो. देवाच्या नावानं तिला मोकळीक आहे, स्वतःच्या नावानं नाही. रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन दगडी मंदिर आहे. चौघींनी घरी "अमृतेश्वराच्या दर्शनाला जातोय" असंच सांगितलं.

यावरून आमच्यात वाद झाला. शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "खोटं का बोलायचं? धबधबा पाहायला जातोय असं ताठ सांगा." भाजीवाली मैत्रीण म्हणाली, "तुझा पगार बँकेत येतो. तू ताठ सांगू शकतेस. मी खरं सांगितलं तर माझी टोपली आठ दिवस घराबाहेर निघायची नाही." दोघींचंही खरं होतं. खरं बोलण्याची ताकद सगळ्यांना सारखी मिळालेली नसते, हे त्या दिवशी गटात उघडपणे बोललं गेलं. शेवटी ठरलं ते असं, की प्रत्येकीनं आपल्याला झेपेल ते सांगावं आणि इतरांनी त्याला नावं ठेवू नयेत.

इथे कायद्याचा एक मुद्दा सांगते, कारण काल कायद्याच्या सत्रात तो राहून गेला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांमध्ये कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना आहे. संरक्षण अधिकारी भरतात तोच. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाच्या यादीत घराबाहेर जाण्यापासून रोखणं, ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं, नोकरी करू न देणं या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. आपण केस घेताना मारहाण विचारतो, हुंडा विचारतो. "तुम्हाला बाहेर जाता येतं का? मैत्रिणींना भेटता येतं का?" हे विचारायचं राहून जातं. बाईलाही तो छळ वाटत नाही, कारण आईचंही आयुष्य तसंच गेलेलं तिनं पाहिलेलं असतं.

तर, निघालो. पहाटेची पहिली गाडी. गाडीत चढल्यावर एकमेकींना विचारलं, किती वाजता उठलीस? कुणी साडेतीन, कुणी चार. घरच्यांची दोन्ही वेळची भाजी-पोळी करून, पाणी भरून, मुलांचे कपडे काढून ठेवून सगळ्या आल्या होत्या. एकीनं तर सासऱ्यांच्या गोळ्या वेळेप्रमाणे पुड्यांत बांधून वर आकडे लिहिले होते. अकोले गेलं, राजूर आलं. राजूरला गाडी बदलायची होती. अंगणवाडीतली मैत्रीण म्हणाली, "चहा नको, पाणी नको." कारण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुढे मोरी कुठे मिळेल याचा भरवसा नव्हता. आपण बायका लघवी तुंबवून धरतो, पाणी पीत नाही, मग लघवीच्या जागेचे जंतुसंसर्ग अंगावर काढतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं संघटनांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी मोहीम चालवली. पर्यटनाच्या ठिकाणी आणि एसटीच्या थांब्यांवर आपणही ही मागणी लावून धरायला हवी. शेंडी गावात एका खाणावळीच्या मालकिणीनं आम्हाला घरातली मोरी वापरू दिली. त्यानंतरच सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायलं आणि चहा घेतला.

शेंडीला धरण दिसतं. विल्सन धरण, इंग्रजांनी १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधलेलं. सुमारे अकरा टीएमसी पाणी मावतं त्यात. मावशी धरणाच्या भिंतीकडे कितीतरी वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढं पाणी इथं आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार!" धरणाच्या खालच्या बाजूला संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीची शेतं आहेत, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. नदीचं पाणी आपल्याकडे पोहोचण्याआधी किती हातांतून जातं, हे मावशींना पुस्तकाशिवाय कळलं.

होडी ठरवली. मोटारीची होडी, रतनवाडीपर्यंत जाऊन-येऊन. होडीत जीवरक्षक जाकिटं होती सात आणि आम्ही अकरा. होडीवाला म्हणाला, "ताई, पाणी शांत आहे. जाकिटाची गरज पडत नाही. बायामाणसं घालतच नाहीत, साडीवर बसत नाही ते." आमच्यातल्याही दोघी-तिघी म्हणाल्या, जाऊ द्या, फोटो चांगले येणार नाहीत. तेव्हा आयाचं काम करणारी मैत्रीण पाय रोवून उभी राहिली. म्हणाली, "तुमच्यापैकी पोहता कुणाला येतं?" अकरांत एकीला. लहानपणी विहिरीत शिकलेली, तीसुद्धा न्हाण आल्यावर बंद झालेली. "मग जाकीट आल्याशिवाय मी बसत नाही आणि तुम्हालाही बसू देत नाही."

मैत्रिणींनो, ती उगाच घाबरलेली नव्हती. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात प्रवाशांची होडी उलटून सहा जण गेले. त्याच आठवड्यात आमच्याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, बुडालेल्यांना शोधायला आलेल्या आपत्ती दलाची होडी उलटली आणि तीन जवान गेले. पट्टीचे पोहणारेही नदीपुढे हरतात. मग आपलं काय? २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेनं पाहणी केली. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात बुडालेल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होती. पुष्कळ पुरुष खोल समुद्रात होते आणि स्त्रिया किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या, हे एक कारण. पुरुषांना पोहता येतं, झाडावर चढता येतं आणि स्त्रियांना ते शिकवलेलंच नसतं, हे दुसरं. मुलीला पोहायला न शिकवणं, तिला धावू न देणं, ही साधी घरगुती गोष्ट वाटते. पुराच्या वेळी त्याच गोष्टीची किंमत जीव देऊन मोजावी लागते.

अर्ध्या तासानं दुसऱ्या होडीतून चार जाकिटं आली. साड्यांवर जाकिटं चढवून आम्ही बसलो. होडीवाला हसत होता. नंतर म्हणाला, "पुढच्या गिऱ्हाइकाला पण देतो आता." 

तळं भरलेलं होतं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधूनच ढग खाली उतरायचा आणि समोरचं काही दिसेनासं व्हायचं. ढग उठला की कड्यांवरून पांढऱ्या रेघा दिसायच्या. कुणीतरी मोजायला लागलं, बारा झाल्या तेव्हा सोडून दिलं. सुरुवातीला सगळ्या मोठ्यानं बोलत होत्या, गाणी म्हणत होत्या. तळ्याच्या मध्यावर आल्यावर कुणी काही न सांगता गप्प झाल्या. शिवणकाम करणारी मैत्रीण पुढे बसली होती. ती होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडून बसली, रतनवाडी येईपर्यंत. पुढे ती म्हणाली, "पाण्यात हात घातला आणि त्यात भांडं नाही, कपडा नाही, असं पहिल्यांदा झालं."

रतनवाडीजवळ नेकलेस धबधबा आहे. गळ्यातल्या हारासारखा दिसतो म्हणून ते नाव. विडीवाली एक मैत्रीण म्हणाली, "बरं झालं, मंगळसूत्र नाव नाही ठेवलं." पाऊस ओसरला होता, त्यामुळे धार अंगावर घेण्याजोगी होती. जोराच्या पावसात धबधब्याजवळ जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आम्ही वेळ पाहून गेलो होतो, गावातल्या मुलाला विचारून उतरलो होतो.

भिजायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं. साडी अंगाला चिकटेल, लोक बघतील. सलवार-कमीज घातलेल्या दोघी आधी गेल्या. मग मावशींनी कासोटा घातला आणि सरळ धारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. साठीच्या बाईला तसं उभं पाहिल्यावर बाकीच्यांना लाजायला काही उरलंच नाही. पुढचा एक तास आमच्या आरडाओरड्यानं तो ओढा दुमदुमला. थोड्या अंतरावर चार तरुण फोन काढून उभे होते. अंगणवाडीतल्या दोघी ओल्या साड्यांनिशी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे बाळांनो, आईला दाखवायचाय का फोटो?" फोन खिशात गेले.

त्या तासात दवाखान्यातली मैत्रीण मात्र दिसेना. शोधलं तर बाजूच्या एका सपाट खडकावर ओढणी तोंडावर घेऊन गाढ झोपलेली. आदल्या रात्री तिची पाळी होती. पाळी संपवून, घरी स्वयंपाक करून ती थेट गाडीत बसली होती. तिला उठवायचं का? मावशी म्हणाल्या, "अजिबात नाही. झोपू द्या. यासाठीच आलोय." ती सव्वा तास झोपली. धबधबा तिनं जेमतेम दहा मिनिटं पाहिला. पण संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यात मजा मलाच आली. मला कुणी उठवलं नाही." मैत्रिणींनो, आपण स्त्रीच्या विकासाबद्दल भाषणं करतो. कुणी उठवणार नाही अशी झोप तिला वर्षातून किती वेळा मिळते, हेही कधी विचारू या.

जेवणाचं आधी सांगून ठेवलं होतं. देवळाजवळ एका बाईंनी तांदळाच्या भाकरी, पिठलं, ठेचा असं चुलीवर करून दिलं. बाई महादेव कोळी समाजाच्या. अकरा जणींच्या ताटांत त्या वाढत होत्या आणि आम्ही आयतं खात होतो. दुसरीच्या हातचं गरम खाण्याचं सुख आपल्याला माहीत आहेच. पण ते सुख तिच्या धुरात शिजलेलं होतं, हेही दिसत होतं. मी विचारलं, "ताई, तुम्ही होडीत फिरता की नाही?" म्हणाल्या, "होडीत बसते की. बाजाराला, दवाखान्याला. नुसतं बसायला कशाला बसू?" धबधब्याखाली त्या लहान असताना शेवटच्या भिजल्या होत्या. उन्हाळ्यात काय परिस्थिती असते असं विचारलं, तर म्हणाल्या, "एवढं तळं समोर दिसतं आणि हंडा घेऊन ओढ्यात झरे उकरावे लागतात." आम्ही म्हटलं, आमच्याबरोबर होडीत एक चक्कर मारा. त्या हसल्या. "आज रविवार हाय. अजून दोन गाड्यांची माणसं जेवायची हायेत."

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. रविवार कुणाचा? आमच्या सुट्टीसाठी आणखी एका बाईचा रविवार खर्ची पडत होता. याचा अर्थ आम्ही जायला नको होतं असा नाही, त्यावर तिचं घर चालतं. पण तिनं सांगितलेल्या दरात आम्ही घासाघीस केली नाही, ताटं स्वतः घासून ठेवली, आणि निघताना तिचा निरोप घेतला तो गिऱ्हाइकासारखा घेतला नाही. पर्यटनाचे आराखडे होतात तेव्हा अशा स्त्रियांना दर ठरवण्यात, जागा मिळण्यात, आठवड्याची एक सुट्टी मिळण्यात हक्क हवा. आपल्या संघटनांनी तिथल्या गटांशी हे बोलायला हवं.

परत शेंडीला आल्यावर धरणाखालचा अम्ब्रेला धबधबा पाहिला. धरणातून सोडलेलं पाणी खडकाच्या गोल घुमटावरून पडतं, छत्रीसारखं दिसतं. तिथल्या एकानं सांगितलं, हा कायमचा नाही, वरून पाणी सोडलं तर दिसतो, बंद केलं की नुसता खडक. भाजीवाली मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखाच की. चावी दुसऱ्याच्या हातात." सगळ्या हसल्या, पण परतीच्या गाडीत तिच्या त्या वाक्यावरच बोलणं चाललं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगू का, असं मी त्या मैत्रिणीला विचारून आले आहे. राजूरला गाडी उशिरा मिळाली. संगमनेरला पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आमच्यातल्या एका विडीवाल्या मैत्रिणीच्या घराला आतून कडी होती. नवरा आतून म्हणाला, "जिथं गेली होतीस तिथंच रहा." आत दोन मुलं, ओट्यावर तिनं पहाटे करून ठेवलेलं जेवण, आणि बाहेर पायरीवर ती. तासाभरानं शेजारच्या आजींनी दार वाजवून वाजवून कडी काढायला लावली. मारहाण झाली नाही. पण रात्रभर शिव्या झाल्या आणि सकाळी तिचा भिशीचा हप्ता ठेवलेला डबा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाच जणी तिच्या घरी गेलो. भांडायला नाही, बसायला. चहा मागितला. नवरा कामावरून आला, आम्हाला पाहून चपापला. मावशी त्याला म्हणाल्या, "बाबा, तू महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर जातोस. परत येतोस तेव्हा हिनं कधी कडी लावली का?" तो काही बोलला नाही. मी तिला कायद्यातले पर्याय समजावून सांगितले. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि तक्रार करायची नसली तरी घटना लिहून ठेवता येते, तारीख आणि वेळेसह. तिनं तक्रार केली नाही. तो निर्णय तिचा. पण गटाच्या वहीत घटना लिहायला सांगितली आणि खाली सही केली. आणि त्याच बैठकीत पदराची गाठ सोडून वीस रुपये पुढे केले. म्हणाली, "पुढच्या सहलीची माझी वर्गणी आजच घ्या."

मैत्रिणींनो, त्या वीस रुपयांमुळे मी हा विषय इथे आणला. विश्रांतीचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कलम २४ मध्ये आहे. याच जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ या शब्दांच्या जागी ‘सर्व माणसं’ असं हवं म्हणून आपल्या प्रतिनिधी हंसा मेहता आग्रह धरून बसल्या होत्या. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडमधल्या बहुसंख्य स्त्रियांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं, तेव्हा सगळा देश थांबला. आपण एवढं मोठं काही केलं नाही. अकरा जणी एक दिवस बाहेर गेलो. तरी एका घराला कडी लागली. म्हणजे कुठेतरी धक्का बसला.

आपल्या गटांसाठी काही सूचना मांडते, चर्चेत त्यांत भर घाला. प्रत्येक गटानं वर्षातून एक दिवस केवळ फिरण्यासाठी ठरवावा. तो दिवस प्रशिक्षणाला किंवा मेळाव्याला जोडू नये. त्यासाठी छोटी वर्गणी वेगळी ठेवावी, आणि हजारी दरावर किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्या मैत्रिणीची बुडालेली मजुरी शक्य तर त्यातून भरून द्यावी. जाण्याआधी मोऱ्यांची, परतीच्या गाडीची, जीवरक्षक जाकिटांची चौकशी करावी, आणि जाकिटं नसतील तर होडीत बसू नये. परतल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या घरी कुणीतरी जाऊन यावं, कारण खरी परीक्षा तिथे असते. केस घेताना "तुम्हाला बाहेर जाता येतं का?" हा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये घालावा. आणि आपल्या मुलींना पोहायला शिकवावं, न्हाण आल्यावरही.

आमची पुढची सहल माघात आहे. आतापर्यंत चौदा नावं आली आहेत. रतनवाडीच्या त्या ताईंनाही निरोप धाडला आहे. त्यांनी कळवलंय, रविवार सोडून कुठलाही वार ठरवा.